चांगुणाबाईची भाकर

यशोधराच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं सहादेव गुरुजी स्वतःला सांगत असत. खरं तर राहून वगैरे काही गेलं नव्हतं. निळं आंतरदेशीय पत्र आषाढात आलं होतं, आणि आता पौष निम्मा सरला तरी ते वाचनालयाच्या टेबलाच्या खणात शिक्क्याच्या डबीखाली पडून होतं. खण ओढला की निळी कड दिसे. गुरुजी डबी काढीत, पुस्तकावर शिक्का मारीत आणि खण घाईने लावून टाकीत.

पत्रात अवघड असं काही नव्हतं. यशोधरा त्यांची जुनी विद्यार्थिनी. चौथीपर्यंत त्यांच्या वर्गात होती, पुढे शिकली आणि औरंगाबादला पाटबंधारे खात्यात टायपिस्ट म्हणून लागली. अक्षर अजून गुरुजींनीच वळवलेलं, गोल आणि सुटं. तिनं लिहिलं होतं:

‘आदरणीय गुरुजी, सविनय जयभीम. आईला झटका आल्यापासून ती माझ्याकडेच आहे. डावं अंग गेलं. बोलणं जड झालं आहे, पण कळतं सगळं. आपल्या भाषणाची बातमी महेंद्रने पेपरातून कापून पाठवली होती, ती मी तिला वाचून दाखवली. तेव्हापासून तिचं एकच चाललं आहे, माझी भाकर कोणत्या कोपऱ्यात घातली? मी म्हणते, चारी कोपऱ्यांत थोडी थोडी असेल. तिला ते पटत नाही. म्हणते, गुरुजींना विचार. तरी आपण सवडीने दोन ओळी कळवाव्यात.’

दोन ओळी. गुरुजींनी आयुष्यभर मुलांकडून निबंध लिहून घेतले, गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज लिहिले, लग्नपत्रिकांचे मजकूर लिहिले. या दोन ओळी काही त्यांना लिहिता आल्या नव्हत्या.

*

सोनवड हे प्रवरेच्या काठचं, नेवासा तालुक्यातलं बाजाराचं गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाला सत्त्याण्णव साली पन्नास वर्षं होत होती. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले ते थेट या वाचनालयातच येऊन बसले. पगार नाही, मान बेताचा, पण पुस्तकं भरपूर. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांचा घसा कोरडा पडे. पुस्तकांपुढे तसं काही होत नसे.

सुवर्णमहोत्सवाला काय करायचं म्हणून बैठक बसली. वाचनालयाचे अध्यक्ष श्रीमंतराव पाटील म्हणाले, कमान बांधू. कमानीवर कुणाच्या वडिलांचं नाव घालायचं यावरून बैठक मोडली. दुसऱ्या बैठकीत पुन्हा तेच. तिसऱ्या बैठकीत गुरुजी बोटांकडे बघत म्हणाले, “बायकांकडून एखादी वाकळ शिवून घेतली तर? म्हणजे गावाची वाकळ. प्रत्येक आळीनं आपला एक चौकोन भरायचा. आपल्या आळीत जे काय चालतं ते सुईदोऱ्यानं काढायचं.”

काम बायका करणार होत्या, त्यामुळे कुणालाच हरकत घेण्यासारखं काही सापडेना.

“म्हंजे गोधडी?” श्रीमंतराव म्हणाले. “पन्नास वर्सांचं वाचनालय, आन् आपन गोधडी करायची?”

“भरतकामाची,” गुरुजी म्हणाले.

“मग करा. पन थंडी वाजली तर कुनी पांघरायची न्हाई.”

हशा झाला आणि ठरलं.

गुरुजींची बायको गोजरबाई हिनं ते काम अंगावर घेतलं. गुरुजी जितके मिटलेले, तितकी ती मोकळ्या तोंडाची. ती आळीआळीत फिरली. कुंभार आळीनं चाक काढलं आणि चाकाशेजारी ओणवा माणूस. मोमीन आळीच्या रेश्मानं स्टँडवरचा टांगा काढला, घोड्याच्या कपाळावरच्या तुऱ्यासकट. माळी आळीनं कांद्याची वखार. पाटील आळीनं उसाच्या बैलगाड्यांची रांग काढली, साखर कारखान्याच्या धुराड्यापर्यंत गेलेली. धुराडं जरा वाकडं झालं, तर श्रीमंतरावांची बायको बनुबाई म्हणाली, राहू दे, चेअरमनसारखंच दिसतंय.

बौद्ध वस्तीचा चौकोन चांगुणाबाईनं भरला. तिनं वस्तीतला नळ काढला होता. नळाखाली घागरी, घागरींच्या मागे बायका, एकीच्या कडेवर पोर, आणि वरच्या बाजूला पिंपळाचं एक मोठं हिरवं पान. पानाच्या शिरा इतक्या बारीक की बनुबाईनं सुद्धा चष्मा लावून पाहिल्या आणि म्हणाली, “बया! हात हाय का मशीन?” चौकोन मधोमध लागला. त्याला कुणी नाक मुरडलं नाही. हे गुरुजींना पुढे फार वेळा आठवलं. चौकोनाला कुणीच काही म्हणालं नव्हतं.

*

घोळ घातला तो गुरुजींनीच, आणि तो एका चांगल्या विचारापोटी.

त्या भागात वाकळ शिवून झाली की शेवटचा टाका घालण्याआधी कोपऱ्यात भाकरीचा घास घालून कोपरा मिटवतात. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. गुरुजींची आईही घालायची. वाकळ पुरी होत आली तेव्हा गुरुजींना ते आठवलं, आणि एका दुपारी त्यांनी फार मन लावून एक पत्रक लिहिलं. गावातल्या प्रत्येक आळीनं एकेक भाकर आणावी, सगळ्या एकत्र कुस्कराव्यात, आणि तो एकजीव झालेला घास गावाच्या वाकळीला चारी कोपऱ्यांत भरवावा. पत्रक त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा स्वच्छ उतरवून काढलं. गोजरबाईला वाचून दाखवलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐकून ती म्हणाली, “लिवायला बरं हाय.”

गुरुजींना ती तारीफ वाटली.

बौद्ध वस्तीत पत्रक सांगायला ते स्वतः गेले. चांगुणाबाईचा भाचा महेंद्र दारात टेम्पो धूत होता.

“गुरुजी, भाकर मागायला आलाव?” तो फडकं पिळत म्हणाला. “उलटं झालं म्हणायचं.”

“मागायला असं नाही रे. म्हणजे, सगळ्यांकडूनच…”

“सगळ्यांची घेतील. आमची घेतील का, ते इचारून आला का?”

गुरुजींनी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, “त्यात विचारायचं काय?”

महेंद्रनं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं. तेवढ्यात चांगुणाबाई दारात आली. साठी उलटलेली, हाडापेराची बाई. ती लहान असताना रोज संध्याकाळी आईबरोबर टोपली घेऊन गावातल्या दारोदार जायची. ‘वाढा माय’ म्हणून हाक द्यायची, आणि मग कुणी उरलंसुरलं वरून टाकी. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा वस्तीनं ते मागणं कायमचं बंद केलं. हे गुरुजींना ठाऊक होतं. पत्रक लिहिताना मात्र त्यांच्या मनाला ते शिवलंही नव्हतं.

“मी देनार,” चांगुणाबाई म्हणाली.

“आत्या, जलमभर त्यांनी तुला शिळी दिली,” महेंद्र म्हणाला.

“शिळी दिली म्हनून तर ताजी देती. बघू दे त्यान्ला, ताजी कशी असती.”

कार्यक्रम अक्षय्यतृतीयेला होता, आणि आदल्या दिवशी वाकळीचे कोपरे मिटवायचे ठरले होते. त्या दिवशी वाचनालयाच्या दारात गोजरबाई दुरडी घेऊन बसली. बायका आपापल्या आळीची भाकर आणून टाकत होत्या. कुणी चतकोर, कुणी नितकोर. घासच तर घालायचा होता. चांगुणाबाई शेवटी आली. तिनं पांढऱ्या धुतल्या फडक्यात अख्खी भाकर आणली होती, बाजरीची, पापुद्रा फुगलेली, अजून वाफ निघत होती. तिनं फडकं सोडलं, आणि दुरडीला हात न लावता, हातभर वरूनच भाकर आत सोडली.

“वाकून ठिव की,” गोजरबाई म्हणाली.

“पडली की नीट,” चांगुणाबाई म्हणाली आणि हसली. मग आत वाकळीकडे एकदा मान उंचावून बघितलं, आणि पायऱ्या उतरून गेली.

बायका मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. गुरुजी बाहेर टेबलाशी नव्या पुस्तकांना नंबर घालत बसले. आधी आतून हसणं ऐकू आलं, मग बोलणं, मग बराच वेळ काहीच नाही. संध्याकाळी गोजरबाई बाहेर आली.

“झालं?” गुरुजींनी विचारलं.

“झालं.”

“सगळं नीट?”

“झालं म्हनलं न्हवं.”

कार्यक्रमाला नगरहून पाहुणे आले. श्रीमंतरावांनी गुरुजींना जवळजवळ ढकलून माईकपुढे उभं केलं. त्यांच्या हातातला कागद फडफडल्याचा आवाज भोंग्यातून येत होता. पण शेवटचं वाक्य त्यांना पाठ होतं. ते म्हणाले, “या वाकळीच्या चार कोपऱ्यांत साऱ्या गावाची भाकर आहे. कुणाच्या घरची कोणती, हे आता कुणालाही वेगळं काढून सांगता येणार नाही.” टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी ते वाक्य आपल्या भाषणात पुन्हा घेतलं. नगरच्या पेपरात ते चौकटीत छापून आलं.

चांगुणाबाई त्या दिवशी नव्हती. आदल्याच दिवशी, भाकर देऊन गेल्यावर, नळावर ती खाली कोसळली होती आणि महेंद्रनं तिला टेम्पोत घालून औरंगाबादला नेलं होतं.

*

आषाढात पत्र आलं तेव्हा गुरुजींना आनंदच झाला. कुणीतरी त्या घासाबद्दल विचारत होतं. घरी येऊन त्यांनी चप्पल काढायच्या आत विचारलं, “अगं, चांगुणाबाईंची भाकर कोणत्या कोपऱ्यात गेली?”

गोजरबाई सुपात बाजरी पाखडत होती. सूप थांबलं.

“कोन इचारतंय?”

“यशोधराचं पत्र आलंय. चांगुणाबाई सारखं विचारतायत म्हणे.”

“लिवा, चारी कोपऱ्यात हाय.”

“तसं तिनं सांगून पाहिलं. त्यांना पटत नाही.”

“म्हातारी लई चौकस.” सूप पुन्हा हललं. “मग उगवतीच्या म्हना.”

“पण घातली कोणत्या?”

“सांगितलं की, उगवतीच्या.”

“गोजर, तू ‘म्हना’ म्हणालीस.”

गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. खडे वेचल्यासारखं करत, पण खडे न वेचता ती म्हणाली, “न्हाई घातली.”

गुरुजी उभेच राहिले.

“दुरडी आत न्हेली,” ती म्हणाली. “बनुबाई म्हनली, कुस्करायच्या आधी दाखव, कुनाची कुठली ती. मी म्हनलं, आता काय नावं लिवलीत का त्यांच्यावर? तर ती म्हनली, मला कळतंय. रेश्मा बसली हुती तिथंच, तिच्यादेखत तिची बाजूला सरकवली. तिनं मुकाट्यानं दोरा ओवला. मग गुरवीन म्हनली, कुंभारनीच्या घरात परवा मयत झालीय, सुतक हाय. कुंभारीन म्हनली, मग धनगराची तरी कशाला? एकेक करून दुरडी रिकामी व्हायला लागली. अंधार पडत आला, पाव्हनं दुसऱ्या दिवशी येनार. शेवटी मीच म्हनलं, आमच्या घरची घाला आन् मिटवा. आपन माळी, माळ्याच्या भाकरीला कुनी न्हाई म्हनलं न्हाई.”

“म्हणजे चारी कोपऱ्यांत…”

“आपल्या घरची. तुमी सकाळी खाल्ली त्यातलीच.”

गुरुजींच्या डोळ्यांसमोर माईक आला, टाळ्या आल्या, पेपरातली चौकट आली. अंगावर कुणीतरी खरकटं पाणी फेकावं तसं त्यांना झालं.

“आणि बाकीच्या भाकरी?”

“श्रीमंतरावाच्या म्हशीला घातल्या.”

“चांगुणाबाईंची पण?”

गोजरबाईनं सुपातली बाजरी हातानं सारखी केली. “ती म्हशीला पन नको म्हनली बनुबाई. म्हनली, दुभती म्हस हाय.”

“मग?”

“मी काढली दुरडीतनं. मागच्या भिंतीवर ठिवली. कुत्र्यानं न्हेली.”

“तुझ्या हातानं?”

“मग काय तुमच्या?” ती एकदम उसळली. “सगळ्या माज्याकडं बघत हुत्या! मी गुरुजीची बायकू, माज्या तोंडाकडं बघत हुत्या, ही काय करती म्हनून. आन् तुमी बाहेर बसला हुता पुस्तकान्ला नंबर घालत. दार काय लोखंडाचं हुतं? चार तास बायका आत, एक शब्द ऐकू येत न्हाई, तर उठून इचारावं वाटलं न्हाई?”

आतला आवाज बंद झाला तेव्हा गुरुजींना बरं वाटलं होतं. नंबर चुकत नव्हते.

*

त्या दिवसापासून पत्र खणात राहिलं. गुरुजी कोरा कागद घेत, ‘चि. यशोधरा हीस अनेक आशीर्वाद’ एवढं लिहीत आणि थांबत. पुढे खोटं लिहायचं तर अक्षर लागेना, खरं लिहायचं तर शब्द. श्रावण गेला, गणपती गेले. त्यांनी मनाशी ठरवलं, चांगुणाबाई आता विसरली असेल. म्हातारी माणसं विसरतात. स्वतः म्हातारे असूनही त्यांना हे खरं वाटलं.

दिवाळीनंतर महेंद्र वाचनालयात आला. तो पुस्तक न्यायला कधी येत नसे. टेबलापुढे उभा राहून त्यानं भिंतीवर टांगलेल्या वाकळीकडे बघितलं, नळाच्या चौकोनाकडे.

“आत्याला आता माणसं ओळखू येत न्हाईत, गुरुजी. मला सायब म्हनती. पन ते एक इसरली न्हाई. रोज सकाळी इचारती, कंच्या कोपऱ्यात? यशी म्हनती, गुरुजींचं पत्र यायचंय. दुसऱ्या दिवशी परत तेच.”

गुरुजींनी शिक्का उचलला आणि ठेवला.

“घातली हुती ना, गुरुजी?”

त्या वेळी वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. एक ‘नाही’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? गुरुजी म्हणाले, “विचारून सांगतो.”

महेंद्र त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला. त्या हसण्यात राग सुद्धा नव्हता. “इचारून,” तो म्हणाला. “बरं. इचारा.” आणि गेला.

गुरुजींना वाटलं, याला कळलं. याला पत्रक ऐकलं तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त चांगुणाबाईला आणि आपल्याला. तिला ते कळून घ्यायचं नव्हतं, आणि आपल्याला पुस्तकातून डोकं काढायचं नव्हतं.

*

पौषात बैठक झाली. सव्वीस जानेवारीला वाकळ काचेच्या पेटीत बसवायची, म्हणजे धूळ लागणार नाही, आणि खाली एक पाटी लावायची, असं ठरत होतं.

“पाटी गुरुजी लिवतील,” श्रीमंतराव म्हणाले. “ते वाक्य घाला, तुमचंच. साऱ्या गावाची भाकर. लई गाजलं ते.”

या वेळी गुरुजी बोटांकडे बघत नव्हते. वाकळीच्या कोपऱ्याकडे बघत होते. तो छान, घट्ट मिटवलेला होता.

“ते खरं नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“कोपऱ्यांत सगळ्या गावाची भाकर नाही. माझ्या एकट्याच्या घरची आहे.”

कुणी चकित झालं नाही. हेच गुरुजींना अधिक लागलं. बैठकीतल्या प्रत्येकाच्या घरातून एकेक बाई त्या खोलीत होती. सगळ्यांना अक्षय्यतृतीयेपासून ठाऊक होतं. भाषणाला टाळ्या वाजवताना सुद्धा.

“मग चांगलंच हाय की,” गोरक्षनाथ गुरव म्हणाला. “गुरुजींच्या घरचं खातंय गाव.” दोघंतिघं हसले.

“चांगुणाबाई विचारतायत,” गुरुजी म्हणाले. “आजारी आहेत. रोज विचारतात. काच बसायच्या आधी एक कोपरा उसवू. त्यांच्या घरातून, महेंद्रच्या बायकोकडून एक भाकर मागून आणू, आणि…”

“उसवायचं?” श्रीमंतरावांचा आवाज खाली आला, समजूत घातल्यासारखा. “गुरुजी, घास भरवलेली वाकळ कुनी उसवतं का? बायका काय म्हनतील? आन् उगा कशाला चव्हाट्यावर? गावात आजवर कदी काय भांडान न्हाई, तंटा न्हाई. त्यांचा चौकोन मधोमध हाय. मधोमध! आनखी काय पायजे?” त्यांनी पानाचा डबा उघडला. “म्हातारी इचारती ना? लिवा, उगवतीच्या कोपऱ्यात. तिला समाधान, गावाची अब्रू. एका कार्डाचं काम. तिथून कोन बघायला येतंय?”

“मी पाटी लिहिणार नाही,” गुरुजी म्हणाले.

आयुष्यात कुणाला दिलेला हा त्यांचा पहिला नकार असेल. तो कुणाच्या ध्यानातही आला नाही.

“नका लिवू,” श्रीमंतराव म्हणाले. “पेंटर हाय.”

पेंटरनं पाटी लिहिली. पिवळ्यावर तांबडी अक्षरं, खाली सावली दिलेली. काचेची पेटी आली, चार माणसांनी उचलून वाकळ आत बसवली आणि स्क्रू पिळले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मुलं रांगेनं ती बघून गेली आणि पाटी मोठ्यानं वाचत गेली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी घरी आले, पाट ओढून बसले आणि त्यांनी एक कार्ड लिहिलं. ‘चांगुणाबाईंची भाकर उगवतीच्या कोपऱ्यात आहे. त्यांना तसे सांगावे.’ अक्षर सुंदर आलं. शाई वाळेपर्यंत ते बघत राहिले.

मग त्यांच्या मनात आलं, हे कार्ड तिकडे रोज वाचलं जाईल. म्हातारी सकाळी विचारील, यशोधरा कार्ड काढील आणि म्हणेल, गुरुजींनी लिहिलंय, उगवतीच्या. म्हातारी निजेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती असेपर्यंत रोज, त्या पोरीच्या तोंडून आपण खोटं बोलणार, आणि तिला पत्ताही नसणार. गावानं जे सगळ्यांच्या घरात ठाऊक ठेवलं, ते फक्त त्या एका घरापासून लपवणार.

त्यांनी कार्ड फाडलं.

खरं लिहिलं तर? ते म्हातारीला सांगायचं की नाही, हे यशोधराला ठरवावं लागेल. आपल्या डोक्यावरचं ओझं तिच्या डोक्यावर जाईल. ती कदाचित आईला ‘उगवतीच्या’ म्हणूनच सांगील. मग खोटं तिच्या नावावर. म्हणजे आपण सुटण्यासाठीच लिहितोय का? असेल. गुरुजींना याचं उत्तर सापडलं नाही. ते सापडण्याची वाट बघत बसलं तर पत्र पुन्हा खणात जाईल, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी कागद पुढे ओढला.

लिहून झाल्यावर त्यांनी गोजरबाईला हाक मारली. ती चुलीपुढून उठून आली आणि उंबऱ्यात बसली. त्यांनी वाचलं:

“‘चि. यशोधरा हीस अनेक आशीर्वाद. उत्तरास फार उशीर झाला. उशिराचे कारण भित्रेपणा, दुसरे नाही. तुझ्या आईची भाकर वाकळीच्या कोणत्याही कोपऱ्यात नाही. गावातल्या कोणाचीच नाही, फक्त आमच्या घरची आहे. मी भाषणात बोललो ते खोटे होते, तेव्हा मला ठाऊक नव्हते, पण ठाऊक करून घ्यायला हवे होते. भाकर आत घेतली, परंतु बायकांनी ती बाजूला काढून मागच्या भिंतीवर ठेवली…’”

“बायकांनी कशाला?” गोजरबाई म्हणाली.

गुरुजींनी वर बघितलं.

“मी काढली. माजं नाव घाला.”

“तशी काही गरज नाही. मी मुद्दाम…”

“लोकांच्या लेकीसुनांवर नका ढकलू. माजा हात हुता.” तिनं पदरानं कपाळ पुसलं. “आन् ठिवली म्हनून लिवू नका. ठिवली म्हनलं की बरं दिसतं. टाकली लिवा.”

गुरुजी लिहू लागले. ती बघत राहिली, तिला वाचता न येणाऱ्या ओळींवरून त्यांचं पेन कसं जातंय ते.

“कुत्र्याचं लिवलं?”

“नाही.”

“लिवा.”

त्यांनी लिहिलं. मग ती उठली आणि चुलीकडे गेली. तव्यावर भाकर होती, एका बाजूनं करपली होती. ती तिनं काढली, दुसरी थापायला घेतली आणि थापता थापता थांबली. परातीतला गोळा तसाच ठेवून ती मागच्या दारी जाऊन उभी राहिली.

गुरुजी पाकीट घेऊन निघाले. पोस्टाची पेटी स्टँडजवळ होती. पोस्टमन गहिनीनाथ नेमका तिच्यापुढे उकिडवा बसून कुलूप उघडत होता.

“द्या की हातात, गुरुजी,” तो म्हणाला. “पेटी उघडलीच हाय.”

“नको,” गुरुजी म्हणाले. “तू लाव कुलूप. मी वरूनच टाकतो.”

“आता काढलीत की पत्रं. आज टाकलं तर उद्या निघंल.”

“उद्या निघू दे.”

गहिनीनाथनं खांदे उडवले, पत्रं पिशवीत कोंबली, कुलूप लावलं, सायकल काढली. तो दिसेनासा होईपर्यंत गुरुजी पाकीट हातात धरून तिथंच उभे होते. परत फिरायला अजून वेळ होता, आणि त्यांचे पाय तसे निम्मे फिरलेही होते. मग त्यांनी पत्ता एकदा वाचून घेतला, पाकीट फटीत धरलं आणि सोडलं.